खेळाचा निस्तार

मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातील संघीय न्यायालयात एका कंपनीची चांगलीच पंचाईत झाली. ‘डेस्टिनी २’ या ऑनलाइन खेळाची कथा आपल्या लेखनावरून उचलली, असा एका लेखकाचा दावा होता. तो सुरुवातीलाच खोडून काढायचा, तर खेळातली कथा आणि त्याचं लेखन शेजारी शेजारी ठेवून दाखवायला हवं. पण २०१७ ची ती ‘रेड वॉर’ मोहीम बंजी या कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये खेळातून काढून टाकली होती, आणि जुना खेळ आजच्या यंत्रणेवर चालवून दाखवता येत नाही, असं आता तिलाच सांगावं लागलं. मग तिने पुरावा म्हणून काय दिलं? यूट्यूबवर पडलेली खेळाची चित्रणं आणि चाहत्यांनी लिहून ठेवलेली माहितीपानं. ही त्रयस्थांची सामग्री त्या टप्प्यावर विचारात घ्यायला न्यायालयाने नकार दिला आणि दावा पुढे चालू राहिला. पैसे मोजून घेतलेली मोहीम परस्पर काढता कशी, असं २०२० मध्ये विचारणाऱ्या खेळाडूंना हट्टी पोरांच्या रांगेत बसवलं गेलं होतं. पाच वर्षांनी मालकालाच स्वतःच्या घरातली वस्तू शेजाऱ्याच्या फोटोत दाखवायची वेळ आली.

भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या मुलांना ‘डेस्टिनी’ ठाऊक असायचं फारसं कारण नाही. तो महागड्या संगणकावरचा किंवा कन्सोलवरचा खेळ. इथला खेळ मोबाईलवरचा, आणि त्याची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाईल’सह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यानंतर सहाच दिवसांनी खेळाची नवी आवृत्ती जगभर आली आणि तिच्यात ‘एरंगेल’ या सर्वांत जुन्या नकाशाची जागा नव्या एरंगेलने घेतली. खंदक आले, रस्त्याकडेला मोडके रणगाडे आले, इमारतींची घडण बदलली. जुलै २०२१ मध्ये हाच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने भारतात परतला, तोपर्यंत जुना एरंगेल गेलेला होता. पुढे जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयही अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. ‘पेलोड’, ‘इन्फेक्शन’ यांसारखे खेळातले प्रकार आले, गेले, मागणी झाल्यावर पुन्हा आले. बंदी सरकारची आणि नकाशा कंपनीचा, हा फरक महत्त्वाचा आहे आणि या लेखाचा विषय त्यातला दुसरा आहे. पण खेळणाऱ्याच्या हातात दोन्ही वेळा सारखंच उरलं: काल होतं ते आज नाही, आणि विचारायचं कुणाला हे माहीत नाही.

या चिडीला स्मरणरंजन म्हणून मोकळं होणं सोपं आहे. शाळेबाहेरच्या बोरांच्या आठवणीसारखं काहीतरी, असं मानलं की प्रश्न मिटतो. पण खेळाडूचं नेमकं काय जातं ते जवळून पाहावं. एरंगेलवरच्या पोचिंकी गावातल्या कुठल्या घराच्या वरच्या मजल्यावरून दोन रस्ते दिसतात, कुठल्या टेकाडाआड चौघांचं स्क्वॉड लपू शकतं, गाडी कुठे हमखास सापडते, हे ज्ञान शेकडो तास घालवून कमावलेलं असतं. ते त्या जागेपुरतंच चालतं. जागा काढली की ते कवडीमोल होतं. पुस्तक छापायचं थांबलं तरी वाचकाच्या फडताळातली प्रत राहते. ऑनलाइन खेळात फडताळच मालकाच्या घरी असतं.

जुन्याची ओढ मूठभरांची असते, असं म्हणावं तर आकडे साथ देत नाहीत. ‘फोर्टनाइट’ने आपला पहिला नकाशा ऑक्टोबर २०१९ मध्ये मोडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महिनाभरासाठी परत आणला, तेव्हा एका दिवसात ४ कोटी ४७ लाख लोक खेळायला आले. ‘रूनस्केप’च्या कंपनीने २०१३ मध्ये २००७ ची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करावी का, यावर मत मागवलं. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि पुढे ती जुनी आवृत्तीच मुख्य खेळापेक्षा जास्त खेळली जाऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची गोष्ट तर अधिक बोलकी. चाहत्यांनी स्वतःच्या खर्चाने जुना खेळ ‘नॉस्टॅल्रियस’ नावाच्या सर्व्हरवर चालवला होता, तो एप्रिल २०१६ मध्ये कायद्याचा धाक दाखवून बंद करायला लावला. आणि २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच ‘क्लासिक’ म्हणून तो खेळ बाजारात आणला.

यावर कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? लोकांना हवं ते बाजार आपोआप परत आणतो. आणतो, पण कोटींचा गल्ला जमणार असेल तरच. शिवाय रूनस्केपचं पुनरागमन शक्य झालं ते ऑगस्ट २००७ ची एक प्रत साठवणीत सापडली म्हणून. ती सापडली नसती तर मतदान घेऊनही काय उपयोग होता? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नसल्याचं आढळलं. सिनेमाचा इतिहास आपल्याला हेच शिकवून गेला आहे. भारतात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले, त्यांतले जेमतेम काही डझन उरले. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज कुणालाच पाहता येत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्ध्या शतकाने. तोवर फिल्मांतली चांदी वितळवून झाली होती. तेव्हाच्या निर्मात्यांनाही जुनं साठवणं हा नुसता खर्चच वाटत होता.

कंपन्यांची बाजू मात्र खोटी नाही. जुना भाग ठेवायचा म्हणजे प्रत्येक नव्या सुधारणेबरोबर तोही तपासायचा, त्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, सर्व्हर चालू ठेवायचे. खेळाचा पसारा फुगतो. हे तर भंडाऱ्यातल्या खेळाडूला सर्वांत आधी पटावं. स्वस्तातल्या फोनमध्ये जागा करायची म्हणून तो स्वतःच लग्नाचे व्हिडिओ उडवतो आणि न लागणारे नकाशे काढून टाकतो. खेळाडूंना नवंही हवं असतं, तेच तेच दिलं की ते दुसऱ्या खेळाकडे वळतात. म्हणून ‘काहीही काढू नका’ ही मागणी मला अवाजवी वाटते, आणि ती करताना खेळ बनवणाऱ्या नोकरदारांना समाजमाध्यमांवर जी शिवीगाळ होते ती तर निव्वळ निंद्य आहे. काढण्याचा हक्क मालकाचा आहे. पण त्याने काढलेलं दुसऱ्या कुणालाही चालवता येऊ नये, हा हक्क त्याला कुणी दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नासाठी लागणारा शब्द इंग्रजी कायद्याच्या पुस्तकात शोधत बसायची गरज नाही. तो भंडाऱ्याच्या महसुली दप्तरात आहे: निस्तार. तलावांच्या या जिल्ह्यात कोहळी समाजातल्या जाणकारांनी शतकांपूर्वीपासून बांधलेले तलाव मध्य प्रांताच्या काळात मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनदाराच्या मालकीचे होते. पण मालकी त्याची म्हणून तो गावाला तलावावर यायला बंदी करू शकत नव्हता. धानाच्या बांधीला पाणी, गुरांना पाणी, झुडपी जंगलातून सरपण, गुरं चारण्याची जागा, ये-जा करण्याची वाट, हे गावाचे वापराचे हक्क होते आणि ते ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या रूढींच्या नोंदपत्रात लिहिलेले होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ची अद्याक्षरं घेऊन लोकांनी त्यांना ‘मामा तलाव’ केलं. मालक बदलला, दप्तर मध्य प्रदेशातून आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आलं, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तार पत्रकाला आणि वाजिब-उल-अर्जला स्वतंत्र कलमं मिळालीच. मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, आणि मालक बदलला तरी वापर कायम, हे तत्त्व आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं आहे.

निस्ताराला अकारण गोंडस करू नये. कागदावर हक्क असूनही अनेक तलाव गाळाने भरले, काठावर अतिक्रमणं झाली, पाण्यावरून भांडणं झाली. पण गाळ उपसायला गाव फावडी घेऊन आलं, तर ‘हा तलाव आटलेलाच राहू द्या, नाहीतर खटला भरतो’ असं म्हणणारा मालगुजार कल्पनेतही विचित्र वाटतो. नॉस्टॅल्रियसच्या बाबतीत नेमकं तेच झालं. चाहते श्रमदानाला तयार होते. मालकाला स्वतः चालवायचं नव्हतं, आणि दुसऱ्यालाही चालवू द्यायचं नव्हतं. उलट उदाहरणही आहे. ‘नॉकआउट सिटी’ हा खेळ जून २०२३ मध्ये बंद करताना त्याच्या निर्मात्यांनी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. म्हणजे हे अशक्य नाही. इच्छा लागते, आणि खेळ बांधतानाच तेवढी सोय ठेवावी लागते.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं किंवा नाटक चालतं. तिथेही जुनं गळतं. एखादी गण-गवळण कुणाला आठवेनाशी होते, एखादं सोंग पोरांना कंटाळवाणं वाटतं म्हणून शाहीर ते घेत नाही. ते गळतं ते लोकांच्या विस्मरणाने, कुणाच्या हुकमाने नव्हे. पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्याला येत असेल तर तो ते उद्या उभं करू शकतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीचा आणि इथल्या झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, त्यासाठी त्यांना कुठल्या कंपनीच्या कायदा विभागाची परवानगी काढावी लागली नाही. आजच्या ऑनलाइन खेळांचा अभ्यास पन्नास वर्षांनी कुणाला करायचा झाला, तर तो चित्रणं बघून करावा लागेल. दंडारीच्या छायाचित्रावरून दंडार शिकावी तसं.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्या जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाखाली खरी गावं गेली, १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या प्रकल्पाच्या मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिली, तिथे मोबाईलमधल्या नकाशासाठी गळा काढणं शोभतं का? दोन्ही दुःखं एका तागडीत घालणं खरोखरच अशोभनीय आहे, आणि मी ती घालत नाही. पण मोठ्या अन्यायाकडे बोट दाखवून लहान अन्यायाला न्याय ठरवता येत नाही. बुडीत गावच्या माणसाला निदान सातबारा दाखवता येत होता. खेळाडूकडे कसलाच उतारा नसतो.

त्याच्याकडे असतो तो करार, ‘मान्य आहे’ वर बोट टेकवून न वाचता केलेला. त्यात लिहिलेलं असतं की तुम्ही वस्तू घेत नसून वापराचा परवाना घेत आहात आणि तो कधीही काढून घेतला जाईल. युबिसॉफ्टने २०१४ चा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा डबीतली तबकडी विकत घेतलेल्यांनाही हेच ऐकवलं गेलं. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला: परवाना विकत असाल तर तो ‘खरेदी’ म्हणून खपवू नका. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही कल्पना आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट तिच्यात बसते. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणजे काही शे रुपयांच्या स्किनसाठी, म्हणजे खेळातल्या पेहरावासाठी, भंडाऱ्याच्या पोराने आयोगाच्या नागपूर खंडपीठाची वाट धरायची. तो अठरा वर्षांखालचा असेल तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याला करार करताच येत नाही, ही त्यातली आणखी एक गंमत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांवर कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे आणि ते योग्यच आहे. खेळाडूच्या निस्ताराचा विचार अजून व्हायचा आहे.

करायचं फार थोडं आहे. पैसे घेतलेला भाग काढायचा असेल तर विकतानाच मुदत सांगा. खेळ कायमचा बंद करताना तो चालवण्याचं साधन खेळणाऱ्यांच्या हाती द्या, किंवा निदान जे चालवतील त्यांच्या वाटेत येऊ नका. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या खेळाची एक चालती प्रत सार्वजनिक संस्थेत जमा करा. या शेवटच्या मागणीत नवं काहीच नाही. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यावी लागते. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांतलंच एक. पुस्तक खपतं की नाही, कुणी वाचतं की नाही, हे तिथे विचारलं जात नाही. त्या कायद्यात सुरुवातीला वृत्तपत्रं नव्हती. ती राहून गेली हे लक्षात आल्यावर १९५६ मध्ये, दोनच वर्षांत, दुरुस्ती झाली.