थांबायला वेळ आहे का?

फ्रेंच फ्राईजसारख्या गोष्टीसाठी माणसाने मनाची झडती घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो असंच आहे. मोठ्या प्रश्नांवर बोलताना आपण सावध असतो, शब्द तोलून वापरतो. गाड्यासमोर उभं राहून आपण काय मागतो, त्याचे किती मोजतो आणि किती वेळ थांबतो, तिथे तो सावधपणा नसतो. म्हणून तिथेच मी मला जास्त खरा सापडतो.

माझी मागणी नेमकी आहे. बाहेरून कुरकुरीत, आतून भुसभुशीत आणि बटाट्याची चव शिल्लक असलेली फ्राय मला हवी असते. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ती मी शोधत असतो. पत्रादेवीपासून धारगळपर्यंतचा महामार्ग, हरमलचा बाजार, डिचोली-साखळी रस्ता, मये तलावाचा काठ, जत्रांमधली फेरी, सगळीकडे माझी नजर कढईवर असते. बहुतेक वेळा हातात येते ती मऊ, तेल प्यायलेली, एकसारख्या जाडीची काडी.

असं का होतं, हे मी समजून घेतलं आहे. चांगली फ्राय दोनदा तळावी लागते. कापलेला बटाटा पाण्यात ठेवून वरचा स्टार्च धुवायचा, पुरता कोरडा करायचा, दीडशे-एकशेसाठ अंशांच्या तेलात आतून शिजवायचा, बाहेर काढून निववायचा आणि गिऱ्हाईक आलं की एकशेऐंशीच्या पुढे तापलेल्या तेलात पुन्हा सोडायचा. बटाटाही जुना, पिठूळ लागतो. आमच्याकडे भाजी येते ती मुख्यतः बेळगावहून. नवा पावसाळी बटाटा पाणचट निघतो. शीतगृहात दोन-चार अंशांवर राहिलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि तो आत शिजायच्या आधी बाहेरून काळवंडतो. या कटकटीतून सुटण्यासाठी गाडेवाले गोठवलेली पिशवी घेतात. त्यातली काडी कारखान्यात एकदा तळून गोठवलेली असते आणि बटाटा बहुधा गुजरातचा, बनासकांठा-मेहसाण्याकडचा असतो. १९९६ साली मॅकडोनाल्ड्सने भारतात पहिली दुकानं उघडली, त्या काळात असा बटाटा परदेशातून आणावा लागे. आता आपला देश वर्षाला लाखाहून अधिक टन फ्राईज बाहेर पाठवतो. शेतकऱ्यांनी आणि कारखान्यांनी मिळून केलेलं हे मोठं काम आहे. मात्र त्या पिशवीला उणे अठरा अंशांचा फ्रीझर लागतो आणि खोल कढईभर तेल लागतं. गाड्यावर असते एक शेगडी, एक लहान कढई आणि थर्माकोलचा डबा. अर्धवट वितळलेली मूठभर काडी त्या कढईत पडली की तेल क्षणात निवतं आणि काडी ते पिऊन बसते.

तळणाऱ्याचा हात वाईट नसतो, त्याच्याकडे साधनं नसतात. हे ठाऊक असूनही मी अर्धी प्लेट टाकून उठतो.

गाडे सापडणंही अवघड झालं आहे. संध्याकाळी उघडायचं, रात्री आवरायचं, हा त्यांचा नेम. त्यात महामार्ग रुंद झाला तशा त्यांच्या जागा हलल्या. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली, आणि आता धारगळहून विमानतळाकडे जाणारा रस्ता खांबांवरून जातो. त्या उंचीवर गाडा लागत नाही. मला गाडा हवा असतो आणि तो रस्ताही आवडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

डिचोलीत हाच पेच जास्त खोल आहे. खनिजाच्या ट्रकांची रांग असायची तेव्हा तिच्या कडेने चहाचे, भजी-पावाचे, रस ऑम्लेटचे गाडे जगत होते. झाडांच्या पानांवर, घरांच्या कौलांवर, मुलांच्या छातीत लाल धूळ जात होती. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. खाणी बंद व्हाव्यात असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. त्या धुळीत उभं राहून रोजचा गल्ला मोजणाऱ्या बाईचं पुढे काय झालं, हे मात्र मी त्या वर्षांत कधी विचारलं नाही. तिच्या हातची मिरची भजी आठवते, चेहरा आठवत नाही.

फ्राईज हमखास मिळतील असं करमणुकीचं ठिकाण शोधावं, तर थीम पार्क म्हणावं असं या दोन तालुक्यांत काही उभं नाही. मये तलावावर नौका आहेत, बंजी जंप आहे. बाकी पाळणे फिरतात ते जत्रेत. कोजागरीला पेडण्याची पुनव भरते तेव्हा खाज्यांच्या ढिगांशेजारी फ्राईजची कढईही असते. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या कारणाने गोबी मंच्युरियनवर बंदी घातली, तेव्हा त्याच गाड्यांवर, कित्येकदा त्याच तेलात तळल्या जाणाऱ्या फ्राईजबद्दल कुणी बोललं नाही. तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हा नियम मला तोंडपाठ आहे. तेल कधी बदललं, हे मी गाड्यावर विचारत नाही, कारण उत्तर मिळालं तर उठून जावं लागेल.

पेडण्यात एक गाडा चालवणाऱ्या वयनींना मी म्हटलं होतं की पिशवीतल्या नकोत, ताज्या बटाट्याच्या कराल का. त्या म्हणाल्या, "रावपाक वेळ आसा जाल्यार कापून करतां." त्यांनी बटाटे निवडले, जाडसर कापले, धुतले, फडक्यात टिपले आणि आधी मंद, मग कडक तेलात तळले. या भागात मी खाल्लेल्या सगळ्यांत चांगल्या फ्राईज त्या होत्या. त्यांनी पैसे नेहमीच्या प्लेटइतकेच सांगितले आणि मी तेवढेच दिले. आश्वेच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये त्याच्या कितीतरी पट रक्कम मी बिलावर न बघता ठेवतो, वर बक्षिसीही ठेवतो. त्या संध्याकाळी दोनदा जळलेल्या गॅसचे आणि खोळंबलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांचे पैसे कुणी द्यायचे होते, हे मला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. तिथेच सुचलं होतं.

मग प्रश्न येतो की मला हेच का हवं असतं. घरी नीरफणसाची कापं होतात, सुरणाची होतात, बटाट्याचीही होतात. तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर भाजलेली ती कापं चवीत कुठेही उणी नाहीत. पण ती खाताना मी कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाचा तरी भाऊ, वाड्यावरचा माणूस. फ्राईज खाताना मी कुणाचाच नसतो. अर्धा तास कुणी ओळखू नये, काही विचारू नये, ही मोकळीक मी त्या प्लेटीत शोधतो. विमानाने मोपाला उतरणारा माणूस गोव्याकडे नेमकं हेच मागतो. मी त्याच्यावर रागावतो, आणि माझ्याच तालुक्यात मलाही त्याच्यासारखंच पाहुणा व्हायचं असतं.

हे कळल्यापासून धारगळचा विषय मला पूर्वीसारखा सोपा वाटत नाही. तिथे जलक्रीडा आणि मनोरंजनाचा मोठा प्रकल्प यायचा आहे आणि त्याची जमीन तिळारीच्या पाटबंधाऱ्याच्या लाभक्षेत्रातली, म्हणून विरोध झाला. तिळारीचं धरण महाराष्ट्रातल्या दोडामार्गात, कालवे पेडणे, डिचोली आणि बार्देशपर्यंत. दोन राज्यांनी मिळून शेतीसाठी आणलेलं पाणी घसरगुंड्यांखाली जाऊ नये, ही माझी भूमिका पक्की आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव धारगळला झाला तेव्हाही मी विरोधातल्या लोकांबरोबर होतो. तरी ते पार्क उभं राहिलं तर तिथल्या सावलीत, ठरलेल्या तापमानाच्या तेलात तळलेली प्लेट घेऊन बसलेला मी मला स्पष्ट दिसतो. माझ्यासारखं गिऱ्हाईक येईल या भरवशावरच असे आराखडे काढले जातात.

विरोध करणाऱ्याने मग काय मागायला हवं? २०१४ चा पथविक्रेता कायदा नगरपालिकांना विक्रीच्या जागा आखून द्यायला सांगतो. पेडणे आणि डिचोली दोन्ही ठिकाणी नगरपालिका आहेत. आखलेली जागा, वीज, नळ आणि वापरलेलं तेल नियमाने उचलून नेण्याची सोय झाली तर वयनींच्या गाड्यावर फ्रीझर राहील, तेल वेळेवर बदलेल, आणि ताजा बटाटा कापायला एखादी मदतनीसही परवडेल. प्लेट महाग होईल, ते द्यायची माझी तयारी आहे. पार्कच्या विरोधातल्या निवेदनावर मी सही केली होती. या मागणीचा अर्ज मात्र कुणी लिहिला नव्हता, मीही नाही. तो आता लिहितो आहे. विजेच्या जोडणीचा मुद्दा पहिला घेतला आहे. जागा कुठे असावी, हे गाडेवाल्यांना विचारून भरायचं आहे.