आत्याबाईंच्या मिशा आणि न्यूटनची बादली

आमच्या एका विद्वान मित्रांनी यंदा एका साप्ताहिकात विज्ञानातल्या ‘जर-तर’वाल्यांची चांगलीच हजेरी घेतली. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, यापलीकडे असल्या प्रश्नांतून काही निष्पन्न होत नाही, असा त्यांचा निकाल. जे आहे त्याचा अभ्यास विज्ञानाने करावा, जे नाही त्यासाठी कवी आहेतच. पुढच्या अंकात वाहवा करणारी पत्रंही आली. तेव्हा आता गप्प बसणं बरं नाही.

गॅलिलिओ, आइन्स्टाइनची आगगाडी, श्रोडिंगरचं मांजर ही नेहमीची मंडळी मी साक्षीला बोलावत नाही. सगळ्यांच्या लेखांत हजेरी लावून ती दमली आहेत. माझा साक्षीदार भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख.

आधी न्यूटनची बादली. 1687च्या ‘प्रिन्सिपिया’त ती आहे. बादली दोराला टांगायची, दोराला भरपूर पीळ द्यायचा, पाणी भरायचं आणि बादली सोडून द्यायची. सुरुवातीला बादली गरगरते, पाणी सपाट. हळूहळू पाणीही तिच्याबरोबर फिरू लागतं, मध्ये खोलगट होतं, कडांनी वर चढतं. (गच्चीवर करून पाहावं, कपडे भिजतात.) मेख अशी की पाणी चढलेलं असतं तेव्हा बादलीच्या मानाने ते स्थिरच असतं. मग ते फिरतंय कशाच्या मानाने? न्यूटनचं उत्तर : निरपेक्ष अवकाशाच्या.

1883 साली माखने विचारलं, बादलीच्या भिंती जाड होत होत कित्येक कोसांच्या झाल्या तर? तेव्हाही पातळ पत्र्याच्या बादलीसारखंच घडेल, हे कोण छातीठोकपणे सांगेल? अशी बादली कुठलाही कासार घडवणार नाही. मिशाच म्हणा ना! पण आइन्स्टाइनला त्या प्रश्नाने झपाटलं. 1918 साली हान्स थिरिंगने आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेच्या नव्या सिद्धान्तावरून गणित मांडलं : जड पोकळ गोल फिरवला, तर आतलं ‘स्थिर’ काय हेच किंचित त्याच्यासोबत ओढलं जातं. आणि वस्तूचं जडत्व उरलेल्या विश्वामुळेच असतं, हा माखचा आग्रह पुरता पाळायचा म्हणून फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांनी 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धान्तच उभा केला.

इथे मित्रांना थोडं द्यायला हवं. नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर? कथा मला फार आवडते, पण तिच्यातल्या प्रश्नाला मी विज्ञानातला प्रश्न म्हणणार नाही. गोळी चुकल्यानंतरचा सगळा इतिहास लेखकाच्या मर्जीने चालतो, त्याला कुणी अडवत नाही. माखच्या प्रश्नात भिंत तेवढी बदलते, बाकी सगळं जागच्या जागी राहतं, आणि उत्तर हवं तसं वळवता येत नाही. तेव्हा ज्याचं गणित मांडता येतं तो जर-तर खरा, बाकीच्या मिशा. अशी वाटणी करून मी सुटलो असतो.

पण माखच आडवा येतो. कारण त्याला गणित नकोच होतं. विश्व आपल्याला एकदाच मिळालेलं आहे, दुसरं घेऊन पडताळता येत नाही, असं तो बजावत असे. जाड भिंतीचा प्रश्न त्याने न्यूटनचं तोंड बंद करायला काढला होता, उत्तर शोधायला नव्हे. 1883मध्ये त्याचं गणित मांडायचं साधनही कुणाजवळ नव्हतं. माझी वाटणी तेव्हा लागू असती, तर मीच त्याला आत्याबाईंच्या रांगेत उभं केलं असतं. म्हणजे प्रश्न विचारला जातो त्या दिवशी त्याची जात ओळखायची कसोटी माझ्याजवळ नाही. मित्रांजवळही नाही, ती असल्याचा आव तेवढा आहे.

पुढे 2004 साली ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ हा उपग्रह टेबल-टेनिसच्या चेंडूएवढे चार क्वार्ट्झचे गोळे घेऊन वर गेला. फिरती पृथ्वी भोवतीच्या अवकाशाला ओढते का, हे त्यांच्या अक्षांवरून पाहायचं होतं. 2011मध्ये निकाल आला. भाकीत होतं वर्षाला सुमारे 39 मिलीआर्कसेकंदांचं, मोजमाप आलं 37, आणि त्यातली अनिश्चितता तब्बल 7. खर्च सुमारे 75 कोटी डॉलर. मित्रांनी मिशांचा नाद सोडून हा हिशेब पुढे केला असता, तर उत्तर देताना माझी पंचाईत झाली असती.