कडी आंतून कीं बाहेरून?

एखादी वस्तु विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असें आपण धरून चालतों. विळा, पाटा-वरवंटा, शिवणयंत्र यांच्यापुरतें हें गृहीत खरेंच होतें. विळा विकल्यानंतर लोहार आपल्या घरीं येऊन त्याची मूठ बदलूं लागला असता, किंवा या विळ्यानें गवतच कापावें, ऊंस कापूं नये, असें बजावूं लागला असता, तर आपण त्याला दाराबाहेर काढलें असतें. परंतु ज्या वस्तूशीं आज आपला सर्वांत अधिक वेळ जातो, तिच्याविषयीं हें गृहीत टिकत नाहीं. ती वस्तु म्हणजे खिशांतला स्मार्टफोन.

अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक फोनच्या गाभ्यांत लिनक्स चालत असतें. हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तें लिहिलें, आणि १९९२ मध्यें तें अशा परवान्याखालीं आणलें कीं, कोणीही तें वापरावें, आंत काय आहे तें पाहावें, हवें तसें बदलावें आणि दुसऱ्यास द्यावें. म्हणजे मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या आठवडी बाजारांत फोन कानाला लावून उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं, जगांतील मोठमोठे संगणक चालविणारी वस्तु आहेच. मात्र ती त्याला दिसत नाहीं. त्याला दिसतात तीं चित्रें. चित्राला बोट लावावें आणि काम व्हावें. ज्या कामाचें चित्र कोणीं काढलें नाहीं, तें काम त्याच्यापुरतें जगांतच नाहीं.

टर्मक्स नांवाचें एक विनामूल्य साधन फोनवर घेतलें म्हणजे हा पडदा थोडा बाजूला सरतो. समोर येते ती एक काळी पाटी. तिच्यावर चित्र नाहीं, यादी नाहीं. आपणच शब्द लिहून आज्ञा करावयाची. घरीं संगणक नसलेल्या जालन्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला या पाटीवर पायथन भाषेंत आज्ञावली लिहितां येते, दूरच्या संगणकावर जाऊन काम करतां येतें, शेंकडों फायलींचीं नांवें एका ओळीनें बदलतां येतात. गैरसोयीही आहेत. देवनागरी मजकूर येथें धड उमटत नाहीं, काने-मात्रा जागा सोडून पळतात. आणि आज्ञांची भाषा इतकी तोडकी आहे कीं तिला इंग्रजी म्हणतांना इंग्रजीलाच संकोच वाटावा. तरीही चित्राला बोट लावणें आणि आज्ञा लिहिणें यांतला फरक केवळ सोयी-गैरसोयीचा नव्हे. पहिल्यांत दुसऱ्यानें मांडून ठेवलेल्यांतून आपण निवडतों. दुसऱ्यांत आपल्याला काय हवें तें आपणच ठरवून सांगावें लागतें, आणि सांगतां आलें नाहीं तर आपल्याला काय हवें होतें याचाच आपण पुरता विचार केला नव्हता, हें उघड होतें.

आतां मुख्य मुद्दा. युनिक्स-लिनक्सच्या परंपरेंत संगणकाच्या सर्वाधिकारी धन्याला 'रूट' म्हणतात. फोनमध्येंही असा रूट आहे. पण फोन विकत घेणारा तो नव्हे. तो स्वतःच्या फोनवर पाहुणा असतो. टर्मक्स पाहुण्याच्या या मर्यादेंत राहूनच चालतें, आणि तेवढी मोकळीकही आक्रसत आली आहे. अँड्रॉइडच्या २०१९ च्या दहाव्या आवृत्तीनें असा नियम केला कीं, ॲपनें मागाहून उतरवून घेतलेली आज्ञावली स्वतःच्या जागेंतून चालवूं नये. टर्मक्सचा तर सारा जीवच त्यांत. त्यामुळें २०२० पासून गूगलच्या प्ले स्टोअरवरील त्याची सुधारणा थांबली आणि जाणत्यांनीं तें इतर ठिकाणांहून घ्यावयास सुरुवात केली. पुढें तें निराळ्या रूपानें तेथें परत आलें. २०२१ च्या बाराव्या आवृत्तींत ॲपांनीं चालू केलेल्या पोटप्रक्रियांची संख्या बत्तीसांवर गेली कीं जास्तीच्या मारून टाकणारा पहारेकरी बसला.

या पहाऱ्याला निव्वळ जुलूम म्हणणें अन्यायाचें होईल. सरकारी योजनेच्या नांवाखालीं व्हॉट्सॲपवरून खोटें ॲप येतें, शेतकरी तें विश्वासानें उघडतो, आणि बँकेंतले पैसे जातात. हें आपल्या आसपास घडत आलें आहे. ज्याचा असा पैसा गेला, त्याला स्वातंत्र्याचें तत्त्वज्ञान सांगणें क्रूरपणाचें आहे. तेव्हां दाराला कडी हवीच. पण कडी आंतून लावली म्हणजे तें घर होतें आणि तीच कडी बाहेरून लावली म्हणजे कोठडी होते. दार तेंच, लोखंड तेंच. कडी काढणारा हात कोणाचा, एवढाच प्रश्न.

जालना जिल्ह्याला हा प्रश्न नवा वाटूं नये. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यांत महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली. १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यानें पीक वाढलें, हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु संकरित पिकाचें बीं पुढच्या वर्षीं पेरलें तर तसेंच उतरत नाहीं. म्हणून घरच्या कणगींतलें बीं मागें पडलें आणि दरवर्षीं दुकानाची पायरी चढणें आलें. शेतकऱ्यानें हा सौदा बहुधा राजीखुषीनें केला, आणि तो नेहमींच तोट्याचा होता असेंही नाहीं. तरी देशाच्या कायद्याला एका गोष्टीचें भान राहिलें. वनस्पतींच्या वाणांचें संरक्षण करणारा २००१ चा कायदा वाण काढणाऱ्यास हक्क देतो, पण त्याबरोबर आपल्या शेतांतलें बीं राखून ठेवण्याचा, पुन्हां पेरण्याचा, शेजाऱ्यास देण्याचा, ब्रँडचें नांव न लावतां विकण्याचाही शेतकऱ्याचा हक्क कायम ठेवतो. उद्यां हजारांतील एकच शेतकरी घरचें बीं राखील. पण त्या एकाला तें करतां येतें, यामुळें उरलेल्यांचा दुकानदाराशीं होणारा व्यवहार सौदा राहतो, शरणागति होत नाहीं. टर्मक्स उघडणारा विद्यार्थी हा असा हजारांतील एक आहे.

याच जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणानें होतो, आणि त्यांत अक्षराच्या वळणाबरोबर लेखणी, शाई, कागद यांचाही विचार येतो. परमार्थाच्या ग्रंथांत बोरू तासण्याच्या सुरीला जागा मिळावी, याचें कित्येकांना नवल वाटतें. मला तें अगदीं यथायोग्य वाटतें. ज्याला आपलें हत्यार तासतां येतें, त्याचें अक्षर दुसऱ्याच्या मर्जीवर राहत नाहीं.

ऑगस्ट २०२५ मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, ओळख पटवून दिलेल्या निर्मात्यांचींच ॲपें प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर बसवितां येतील. २०२६ च्या सप्टेंबरापासून प्रथम ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथें, आणि मागाहून इतरत्र. त्यावर आक्षेप आले, तेव्हां नोव्हेंबरांत जाणत्यांसाठीं एक निराळी वाट ठेवण्याचें आश्वासन देण्यांत आलें. वाट ठेवली हें चांगलें झालें. पण जाणता कोण हें ठरविणार तो कडी बाहेरून लावणाराच. आणि जालन्याचा तो मुलगा आज जाणता नाहीं, व्हावयाचा आहे. अजाणतेपणीं आज्ञा चुकवून, एखादे वेळीं सारा फोन पुसून टाकून, मग पुन्हां भरून, असाच तो जाणता होईल. त्याला त्या वाटेच्या तोंडाशीं प्रमाणपत्र विचारलें, तर तें तो कोठून आणील?