टिकली

माईंचा रेडिओ बंद पडला, आणि घरातलं एक माणूस कमी झाल्यासारखं झालं. 1969 साली, लग्नाच्या वर्षी घेतलेला लाकडी पेटीचा तो व्हॉल्व्हचा रेडिओ. लावल्या लावल्या बोलत नसे. आत व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे, मग लांबून कुणी चालत यावं तसा आवाज जवळ येई. डायलच्या काचेवर 792 पाशी माईंनी एक लाल टिकली चिकटवली होती. 792 किलोहर्ट्झ म्हणजे पुणे केंद्र. काटा टिकलीखाली आला की झालं. पुढे काचबिंदूनं नजर नेली. टिकली दिसेना, पण तोवर बोटांना वाट पाठ झाली होती.

बुधवार पेठेतल्या मेकॅनिकनं पाठ उघडून पाहिली आणि पुन्हा स्क्रू लावले. "ताई, याचे व्हॉल्व्ह आता मिळायचे नाहीत."

लेक कोथरूडला राहायची. तिनं मनाशी ठरवलं, माईला अगदी तसाच, पण नवा आणून द्यायचा. दुकानात अशा स्पीकरची रांगच होती. सागवानी रंग, पुढं विणलेलं कापड, पितळी बटणं, मागून उजळलेली डायल. विक्रेत्यानं एक ढोलांचं गाणं लावलं तर खालची फळी हादरली. डायलवर आकडे, आकड्यांवर लाल काटा! लेकीचे डोळे भरून आले. लहानपणी जो रेडिओ पाहत ती अभ्यास करायची तोच जणू समोर उभा होता. तिनं दुसरं काही विचारलं नाही.

नारायण पेठेत येऊन तिनं तो जुन्या रेडिओच्या जागी मांडला, आपला मोबाइल जोडला आणि अभंग लावला. माईंनी दोन्ही हातांनी पेटी चाचपली.

"लाकूड आहे का गं?"

"लाकडासारखं आहे, माई."

"छान आहे," माई म्हणाल्या.

संध्याकाळी लेक निघाली. वाड्याचा जिना उतरताना वरून अभंग ऐकू येत होता. दुसऱ्या वळणावर तो मध्येच तुटला. असा स्पीकर मोबाइलपासून साधारण दहा मीटरपर्यंतच चालतो, मध्ये भिंती असल्या तर त्याहूनही कमी. गाणं वरच्या खोलीत नव्हतं. तिच्या पर्समध्ये होतं, आणि पर्स कोथरूडला निघाली होती.

ती परत वर आली. माई अंधारात बसल्या होत्या आणि पितळी बटण फिरवत होत्या. बटण गोल गोल फिरत होतं. त्याला अलीकडं अंत नव्हता, पलीकडंही नव्हता.

"अगं, पुणं लागत नाहीये."

लेकीनं दिवा लावला आणि डायल पहिल्यांदा नीट पाहिली. आकडे छापलेले होते. काटाही छापलेलाच होता.

मला वाटतं, प्रेमानं आणलेल्या वस्तूंची अशी फसगत फार होते. देणाऱ्याला आपली आठवण दिसत असते. घेणाऱ्याचा हात कुठं चाचपडणार आहे ते दिसत नाही.

माई रागावल्या नाहीत. सांगू लागल्या, "जुन्याच्या आत दोरा असायचा. तुझ्या बाबांनी एकदा उघडून दाखवला होता. बटण फिरवलं की दोऱ्यानं काटा सरकायचा, आणि पत्र्याच्या पाकळ्या एकमेकींत शिरायच्या. स्टेशन जवळ आलं की आधी खरखर, मग शीळ, मग शब्द. आपण जवळ आलोय ते हाताला कळायचं. हे नुसतंच फिरतंय बघ." मग जरा थांबून म्हणाल्या, "पंचावन्न सालच्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. शेजारच्यांच्या ओटीवर बसून ऐकायचो. रेडिओ कसा दिसायचा ते आज काही आठवत नाही. बाबूजींचा आवाज आठवतो."

दुसऱ्या दिवशी लेक पुन्हा दुकानात उभी राहिली. या वेळी तिनं डोळे मिटून घेतले.

"गाणं नको. बातम्या लावा."

काल फळी हादरवणाऱ्या स्पीकरमधून निवेदिका माठात तोंड घालून बोलल्यासारखी येत होती. खर्ज इतका फुगवलेला की शब्द त्यातच बुडत होते. तिनं दुसरा लावायला सांगितला, मग तिसरा. प्रत्येकाचं बटण डोळे मिटूनच फिरवून पाहिलं. शेवटी विचारलं, "मीडियम वेव्ह असलेला आहे का? खऱ्या काट्याचा?"

गल्ल्यावरचे वयस्कर मालक उठले. "हल्ली कुणी मागत नाही, ताई." त्यांनी तळाच्या फळीवरून एक तपकिरी, प्लास्टिकचा, बोजड संच काढला. घाटही जुना, पण देखणा म्हणता येणार नाही. वायरलेस होता, शिवाय एफएम आणि मीडियम वेव्हही. बँड बदलताना बटण टक् करून अडकायचं. दुसरं मोठं बटण अर्धा फेरा घेऊन दोन्ही टोकांना थांबायचं. निवेदिकेचा 'स' आणि 'श' वेगळा ऐकू येत होता. लेकीनं डोळे उघडले आणि पैसे मोजले. कालचा स्पीकर तिनं कोथरूडला नेला. तिथं मोबाइल घरातच असतो, तिथं तो चांगला वाजतो.

माईंकडं नवा संच लावला तर नुसती गुरगुर.

"आधी मोबाइलचा चार्जर काढ तिथला," माई म्हणाल्या. "आता पेटी जरा फिरव. खिडकीकडं. अजून."

मीडियम वेव्हचा अँटेना आतल्या आत, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. पेटीची दिशा बदलली की आवाज बदलतो. माईंना कांडी ठाऊक नव्हती, दिशा ठाऊक होती. खरखर आली, शीळ आली, शब्द आले.

"थांब! पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट आहे का? खड्याची बघ. साधी बोटाला लागायची नाही."

लेकीनं एक टिकली बटणाच्या कडेला लावली, दुसरी तिच्यासमोर पेटीवर. माईंनी बटण मुद्दाम टोकाला नेलं आणि बोट कडेवर ठेवून हळूहळू परत आणलं. खड्याला खडा भिडला. पुणं लागलं.

लेक जिना उतरू लागली. दुसऱ्या वळणावर क्षणभर थांबली. वर बातम्या चालूच होत्या.