वीसपैकी वीस

दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि त्याच्या पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, थेट ९५.३० टक्क्यांवर चढला. तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुले आधी एकदम ढ झाली आणि मग एकदम हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. मधल्या वर्षी झाले ते असे, की भाषांसारख्या विषयांत शाळेने द्यायचे वीस अंतर्गत गुण मंडळाने काढून घेतले आणि पूर्ण शंभर गुणांची लेखी परीक्षा घेतली. निकाल पडला, राज्यभर ओरड झाली आणि लगेच पुढल्या वर्षी ते वीस गुण परत आले. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही त्याच सुमारास बदलले होते आणि २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द करून त्याचे सरासरी गुण द्यावे लागले होते. तेव्हा सगळा चढउतार वीस गुणांच्याच माथी मारता येणार नाही, पण त्यांचा वाटा नाकारताही येणार नाही. शिक्षकांच्या व्यावसायिक नीतीबद्दल दर ५ सप्टेंबरला जी भाषणे होतात, त्यांच्यापेक्षा हे तीन आकडे मला जास्त बोलके वाटतात.

अंतर्गत गुण कसे दिले जातात, हे दहावीच्या वर्गावर गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. तोंडी परीक्षा, श्रवण, स्वाध्याय अशी रकान्यांची विभागणी असते आणि प्रत्येक रकान्यात काहीतरी भरावेच लागते. चाळीसपन्नास मुलांची खरीखुरी तोंडी परीक्षा घ्यायची तर काही दिवस जातात. गुणतक्ता भरायला एक ऑफ तास पुरतो. सतरा, अठरा, एकोणीस असे आकडे खाली उतरत जातात, मध्ये एखादा सोळा टाकला की तक्ता खरा वाटतो. लेखी आणि अंतर्गत मिळून पस्तीस गुणांना पास असल्यामुळे, ज्याच्या खात्यावर आधीच वीस जमा आहेत त्याला ऐंशीच्या पेपरात पंधरा मिळवले तरी भागते. यात शिक्षकाच्या खिशात एक रुपयाही जात नाही, म्हणून त्याला हा भ्रष्टाचार वाटतच नाही. उलट मनात दयाच असते: पोर गरिबाघरचे आहे, नापास झाले तर शाळा सुटेल, मुलगी असेल तर लग्न लावून देतील. मुख्याध्यापक ‘जरा सांभाळून घ्या’ एवढेच म्हणतात आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. निकाल घसरला की पट घसरतो, पट घसरला की संचमान्यतेत तुकडी जाते आणि तुकडी गेली की सेवाज्येष्ठतेत सर्वांत खाली असलेला शिक्षक अतिरिक्त ठरतो. तो बहुधा शेजारच्याच टेबलावर बसलेला असतो. २०१९ साली जी ओरड झाली तीही सगळी खोटी नव्हती. इतर मंडळे शाळेच्या हातचे गुण देत असताना फक्त राज्य मंडळाच्या मुलांचे काढले, तर अकरावीच्या प्रवेशात आपली मुले मागे पडणार, हा हिशेब बरोबरच होता.

खरी अडचण इथेच आहे. समजा, एका शाळेतल्या मराठीच्या बाईंनी ठरवले की जो मुलगा तोंडीला दोन वाक्ये धड बोलू शकला नाही त्याला वीसपैकी सातच द्यायचे. त्या प्रामाणिकपणाची किंमत बाई मोजत नाहीत, त्यांचा विद्यार्थी मोजतो. पलीकडच्या शाळेत त्याच्यासारख्याच मुलाला अठरा मिळालेले असतात. म्हणजे एकट्या शिक्षकाने खरे वागणे हा स्वतःच्याच मुलांवर अन्याय ठरतो, आणि कुठल्याही चांगल्या शिक्षकाचा पाय तिथेच अडखळतो. शिक्षकांच्या नीतीची चर्चा आपण नेहमी व्यक्तीच्या चारित्र्यावर आणून ठेवतो. साने गुरुजींचे नाव घ्यायचे, ‘आता तसे शिक्षक राहिले नाहीत’ म्हणायचे आणि हार घालायचा. पण इथे बाईंच्या चारित्र्यात काही उणे नाही. उणीव आहे ती दोन्ही शाळांतल्या शिक्षकांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाची. व्यवसायाची आचारसंहिता म्हणजे असा शब्द. वाईट शिक्षकाला धाक बसावा हा तिचा दुय्यम उपयोग झाला. चांगल्या शिक्षकाला ‘हे मला करता येणार नाही, आमच्यात असे चालत नाही’ असे वरच्याला सांगता यावे, हा मुख्य. डॉक्टर आणि वकील आपापल्या संहिता किती पाळतात हा वेगळा आणि फारसा सुखाचा नसलेला विषय आहे. पण पक्षकाराने खोटे प्रतिज्ञापत्र करायला सांगितले तर नकार देणाऱ्या वकिलाच्या मागे निदान त्याच्या व्यवसायाचा लिखित नियम उभा असतो. शिक्षकाच्या मागे कोण उभे आहे?

नियम नाहीत असे नाही, ढिगाने आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. तेच ग्रामसेवकाला आणि कनिष्ठ सहायकालाही लागू आहेत. खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २४ मध्ये वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, पालकांना भेटणे अशी कर्तव्ये आहेत, कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ यांना बंदी केली, कलम २८ ने खाजगी शिकवणीला. मात्र कलम २४ ची कर्तव्ये चुकवली तर काय, याचे उत्तर त्याच कलमात दिले आहे: लागू असलेल्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. फिरून आपण मालक आणि नोकर यांच्या नात्यावरच येतो. सेवानियमाची अपेक्षा वरिष्ठाचे ऐकण्याची असते, आणि वीसपैकी अठरा द्या असे सुचवणारा वरिष्ठच असेल तर तो नियम शिक्षकाच्या कामाचा उरत नाही. शिवाय मालकाला जे डोळ्यांनी दिसते त्याचेच नियम सुचतात. २०१६ मध्ये विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरल प्रणालीवर चढवण्याचा आदेश निघाला आणि शिक्षकांच्या विरोधामुळे बाजूला ठेवावा लागला. २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितले गेले, कारण स्वतःच्या जागी भाड्याचा माणूस पाठवणारे काही महाभाग होते. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांनी जीन्स आणि टी-शर्ट घालू नये आणि नावामागे ‘टी’ लावावे असे आले. भाड्याचा माणूस पाठवणे हा अपराधच आहे, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण शर्ट खोचलेला आहे की नाही हे शिपायालाही दिसते. गुणतक्त्यातला अठरा खरा आहे की नाही, हे ओळखू शकतो फक्त दुसरा मराठीचा शिक्षक.

म्हणून ही संहिता शिक्षकांनीच लिहायची असते, आणि ही काही माझी नवी कल्पना नाही. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यात आचारसंहिता शिक्षकांच्या संघटनांनी तयार कराव्यात असे म्हटले आहे. आपल्या १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच सांगितले: राष्ट्रीय पातळीवरच्या शिक्षक संघटनांनी व्यावसायिक आचारसंहिता करावी आणि तिचे पालन होते की नाही तेही पाहावे. पुढे चोवीस वर्षांनी, २०१० मध्ये, शालेय शिक्षकांसाठीच्या आचारसंहितेचा मसुदा आला तो राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडून, म्हणजे पुन्हा सरकारच्या घरातून. स्वतःच्याच विद्यार्थ्यांकडून शिकवणीचे पैसे घेऊ नयेत, अशी चांगली कलमे त्यात आहेत. पण शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव निघालेले कोणी ऐकले आहे का? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर संघटनांना बळ नाही ही सबबही चालत नाही. संविधानाच्या कलम १७१ ने विधान परिषदेत शिक्षकांना स्वतंत्र मतदारसंघ दिला आहे. आपल्या ७८ आमदारांपैकी ७ शिक्षकांचे असतात. डॉक्टर, वकील, अभियंते यांना अशी जागा नाही. (प्राथमिक शिक्षकांना या निवडणुकीत मत नाही, ही त्यातली जुनी खोच.) वेतन आयोग, जुनी पेन्शन, टप्पा अनुदान यांसाठी या सभागृहात आणि आझाद मैदानावर जेवढी शक्ती लागली तिचा शंभरावा हिस्सा जरी संहितेकडे वळला असता, तरी एव्हाना काहीतरी कागदावर उभे राहिले असते.

यावर पहिला आक्षेप पोटाचा येतो, आणि तो रास्त आहे. जानेवारी २०२३ पर्यंत शिक्षण सेवकाला महिन्याला सहा हजारांपासून नऊ हजारांपर्यंत मानधन मिळत होते. आता ते सोळा ते वीस हजार आहे. विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षे बिनपगारी राबणारे आहेत, आणि संस्थेत चिकटण्यासाठी ‘डोनेशन’ मोजलेले आहेत. ज्याने जमीन विकून नोकरी घेतली त्याला नीती कोणत्या तोंडाने सांगायची? पण हा आक्षेप नीट पाहिला तर संहितेच्या बाजूचा निघतो. ज्याची नोकरी कच्ची आहे तो संस्थाचालकाला एकट्याने नकार देऊ शकत नाही, म्हणून तर त्याच्या वतीने नकार देणारे सामूहिक काहीतरी हवे. आणि पूर्ण पगारी, कायम शिक्षकांच्या गुणतक्त्यांतही तेच अठरा-एकोणीस दिसतात, त्याचे काय?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: समव्यावसायिकांच्या हाती न्याय दिला की ते एकमेकांना पाठीशी घालतात. इंग्लंडमध्ये २००० साली शिक्षकांची जनरल टीचिंग कौन्सिल सुरू झाली. शिक्षक संघटनांनीही तिच्यावर टीका केली आणि २०१२ मध्ये सरकारने ती गुंडाळली. सीमेपलीकडच्या स्कॉटलंडमध्ये मात्र अशीच संस्था १९६५ पासून चालू आहे. तिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय तिथे सरकारी शाळेत शिकवता येत नाही, तिच्या मंडळावर निवडून आलेल्या शिक्षकांचा भरणा आहे आणि तक्रारींची सुनावणी सहसा उघडपणे होते. एकाच बेटावर एक मोडली आणि एक टिकली, तेव्हा पाठीशी घालणे हा काही अटळ नियम नाही. संस्था कोणाची वाटते आणि तिचे दार उघडे आहे की बंद, यावर बरेच ठरते.

कायदा होऊन परिषद स्थापन होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. एका तालुक्यातल्या माध्यमिक शिक्षकांच्या संघटनेला उद्यापासून करता येईल असे पुष्कळ आहे. तोंडी परीक्षेला शेजारच्या शाळेतला विषयशिक्षक बसवायचा आणि दोघांनी तक्त्यावर सही करायची. स्वाध्यायाच्या वह्या निकाल लागेपर्यंत ठेवायच्या आणि मागेल त्या पालकाला दाखवायच्या. ठरलेले मोडणाऱ्या सभासदाचे वकीलपत्र संघटनेने घ्यायचे नाही. आणि खरे गुण दिले म्हणून ज्या बाईंना मेमो मिळेल, त्यांच्यासाठी थकीत पगाराच्या मोर्चाइतकीच माणसे घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जायचे.