हत्यार कुणी घडवलं?

दोस्तहो, 'हत्यार' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. पेपरात हत्यार म्हणजे तलवार, पिस्तूल. आमच्या खात्यात हत्यार म्हणजे पाना, हातोडी, कानस. पहिल्या हत्यारानं राजे झाले, म्हणून त्याचा इतिहास जाडजूड. दुसऱ्यानं माणूस झाला, त्याला पुस्तकात एक पान : आदिमानव, दगडाची हत्यारं, संपलं. माझा प्रश्न त्या पानाबद्दल आहे. राबणारा हात अडाणी आणि बसलेलं डोकं शहाणं, हा निवाडा कुणी केला?

केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी इथं २०११ साली दगडी हत्यारं सापडली. वय ३३ लाख वर्षं. आपल्या 'होमो' वंशाचा आजवर मिळालेला सर्वांत जुना अवशेष म्हणजे इथिओपियातला एक जबडा. तो २८ लाख वर्षांचा. म्हणजे आजच्या पुराव्यानं हत्यार आधी, माणूस मागाहून. आधी डोकं मोठं झालं आणि मग त्यानं हाताला काम शिकवलं, ही गोष्ट टिकत नाही.

आणि हे काम सोपं नव्हतं. दगडावर दगड आपटला की हत्यार होत नाही. दगड पारखावा लागतो. कडेचा कोन नव्वद अंशांच्या आत लागतो. घाव कडेपासून फार आत पडला तर काही निघत नाही, फार कडेला पडला तर कड चुरते. नेमका बसला तर धारदार छिलका सुटतो. एक छिलका सुटला की दगडाचा आकार बदलला, पुढच्या घावाचा हिशेब नवा. इथं आखणी एकाची आणि घाव दुसऱ्याचा असं करताच येत नाही. लेथवरच्या टर्नरला विचारा. टूल घासताना तोही कोनच बघतो. मोकळीक कमी राहिली तर टूल नुसतं घासतं, जास्त झाली तर धार उडते. दगड गेला, पोलाद आलं, कार्बाइड आलं. कोनाचा हिशेब तोच राहिला.

कर्नाटकात हुणसगी खोऱ्यात इसामपूर इथं डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी हातकुऱ्हाडींच्या काळातली जागा खणली. चुनखडीच्या लाद्या, ठोकायचे दगड, अर्धवट हत्यारं, छिलक्यांचा खच, सगळं एका ठिकाणी. कारखानाच तो.

आता दुसरी बाजू ऐका. दक्षिण इथिओपियातल्या कोन्सो लोकांत कातडं घासायला दगडी हत्यार घडवणाऱ्या कारागीर अगदी अलीकडेपर्यंत होत्या. बहुतेक बायका. दगड निवडायचा, फोडायचा, लाकडी मुठीत बसवायचा, हे शिक्षण आईकडून लेकीला. कॅथरिन वीडमन आर्थर या संशोधक बाईंनी ते नोंदवलं. जगातली सर्वांत जुनी विद्या जिच्या हातात, तिची समाजातली जागा कुठं? खाली. शेतकरी तिच्या घरात सोयरीक करीत नसत. आपल्याकडची रापी आठवली ना?

इथं काहीजण पटकन म्हणतील, श्रम थोर आहेत, तुमची कला जपा. हा गोड सापळा आहे. थोरवी गायची आणि पोराला त्याच आरीला बांधून ठेवायचं. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं, की जात कामाबरोबर कामगारांचीही वाटणी करते. दगडानं कुणाला जन्मानं बांधलं नव्हतं, माणसानं बांधलं.

म्हणून मला दोन्ही पाहिजे. हातातल्या विद्येला विद्या म्हणा, तिचं श्रेय आणि दाम द्या. आणि ती सोडायची मोकळीकही द्या. कातडं घासणारीच्या लेकीला उद्या त्याच दगडांवर विद्यापीठात प्रबंध लिहिता आला पाहिजे. तिला वाटलं तर त्या दगडाकडे पाठ फिरवून भलतंच काही शिकता आलं पाहिजे. यातलं एकच देऊ केलं, तर ते घेऊ नका.