हो म्हणणारा मुलगा

आजचे वचन: मत्तय २१:२८-३१

एक मुलगा "जात नाही" म्हणाला, पण नंतर गेला. दुसरा "जातो" म्हणाला आणि गेलाच नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पंडिता रमाबाईंनी आई, वडील, बहीण आधीच्या दुष्काळात गमावली होती. परत ते सगळं बघायला आधी त्यांचंही मन धजेना. पैसाही नव्हता. तरी गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावची मुक्ती त्यातूनच वाढली.

आणि मी? गेल्या आठवड्यात चर्चमध्ये पास्टरांनी विचारलं, एका आजीला बुधवारी चंद्रपूरला दवाखान्यात कोण नेणार? मी लगेच हात वर केला. बुधवारी बाहेर पंचेचाळीस डिग्री, घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक, घरात कूलर, लॅपटॉपवर मीटिंग (पुढे ढकलता आली असती). मी मेसेज टाकला, "आजी, पुढच्या वेळी नक्की."

त्या एकट्या बसने गेल्या. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, "बाबू, झालं का तुझं काम?"

उद्या त्यांचा रिपोर्ट आणायचा आहे. सुट्टी टाकली आहे. आजींना अजून सांगितलेलं नाही, या वेळी आधी "हो" म्हणायची भीती वाटते.